चिखलदऱ्याला जायचा शर्ट

४ ऑगस्ट, अमरावती
"विनू माह्याजवळच राहीन. त्याले कुठीच नाही धाडत मी." आईच्या तेराव्याला दादा सगळ्यांसमोर म्हणाला होता. अकरा वर्षं झाली.
आज अकोल्याहून वहिनीचा फोन. विनूला, आमच्या धाकट्या भावाला, परवा धारणीकडच्या एका आश्रमात ठेवून आले. चिखलदऱ्याला फिरायला चाललो, असं सांगून नेलं. त्याने नवा शर्ट घातला होता म्हणे.
दादाने स्वतः फोन केला नाही.

५ ऑगस्ट
मीच केला. चिडला नाही, थकलेला वाटला. औषधाने विनूला ऐकू येणारे आवाज कधीच थांबले, मग आता काम काहून करत नाही, हेच पुन्हा पुन्हा. श्रावणात फुलांच्या दुकानावर गर्दी, आणि हा सुई हातात धरून नुसता बसतो.
"बिमार होता तवा समजून घेतलं. आता निरा आळस आहे. तूच तं म्हणली होती."
म्हणाले होते. गेल्या दिवाळीत. आळस हाच शब्द.

७ ऑगस्ट, अकोला
विनूच्या डॉक्टरांकडे. स्किझोफ्रेनियात आवाज हा एक भाग; औषध तो शांत करतं. इच्छा आटणं वेगळं, आणि चार गोष्टी क्रमाने डोक्यात न टिकणं वेगळं. या दोन्हींवर औषधाचा फारसा उपाय नाही. मी विचारलं, यातलं आधी काय? म्हणाले, नेमकं सांगता येत नाही, पण बहुधा जोडीने असतात. सारखं चुकत गेलं की आपल्याला जमणारच नाही असं मनात बसतं, आणि माणूस हात लावणंच सोडतो. सगळं त्यानेच होतं असंही नाही.
"तुमच्या भावाला मागच्या खेपेला हे सांगितलंय."
म्हणजे दादाला माहीत होतं.

९ ऑगस्ट
धारणीची बस, पुढे जीप. विनू आश्रमाच्या ओसरीवर. तोच शर्ट, कॉलर मळलेली.
पिशवीभर फुलं नेली होती. तीन झेंडू, एक शेवंती, दोन अष्टर, एक गुलाब. ही आईची गुंफण, याच क्रमाने. पूर्वी हा न बघता करायचा. दोनदा नीट ओवली, मग सुई हवेतच. याला मी इतकी वर्षं आळस समजत होते.
ओवलेला तुकडा त्याच्यासमोर खिळ्याला टांगला. त्याने बराच वेळ बघितलं. ओवायला लागला. हातभर झाला. मग नमुना समोर असूनही थांबला. का, कळलं नाही.
दुकानात काय व्हायचं, विचारलं.
"दादा वरडते. मंग मी सुई खाली ठेवून देतो."
निघताना त्याने माझी पिशवी धरली. "चिखलदऱ्याले कवा जाचं?"
ती सहल खोटी होती, हे मीही सांगितलं नाही.

१२ ऑगस्ट, अमरावती
तू का नेत नाहीस, हे दादा विचारणारच. दोन खोल्या, सासूबाई अंथरुणावर. कारण की पळवाट...
दुकान आहे, शाळा नाही, हे वहिनीने आधीच ऐकवलंय. उत्तर तेच येईल. तरी पत्र लिहिलं. तीनदा फाडून, शेवटी एवढंच:
दादा, रविवारी धारणीला ये. त्याला आधी चिखलदरा दाखव. मग तिथून घरी ने, दुकानात त्याच्यासमोर एक तयार हार टांग, आणि तो थांबला की थोडं थांब.