आनंदाबाईची पेटी आणि मिलित्सा राणीचे दोन मुलगे

मी, कोकिळा महादेवराव भोयर, वय बासष्ट, सेवानिवृत्त इतिहास शिक्षिका, राहणार रामनगर, वर्धा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, चष्मा नवा आहे, आणि कोणी बळजबरी करायला धजावेल असा माझा स्वभाव नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तर गेलं वर्ष इतकं वाईट गेलं नसतं.

१. केळझरची शेती माझ्या हयातीतच दोन्ही मुलांत वाटून झाली आहे. थोरला चि. वासुदेव ती कसतो. धाकट्या चि. किसनने आपला हिस्सा बटाईने दिला आणि जामच्या चौफुलीवर हॉटेल टाकलं. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक सागाचं झाड होतं, ते वासुदेवने न विचारता तोडलं. तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं, दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. त्या सागाचा दिवाण वासुदेवच्या घरी आहे. त्यावर मी आजवर बसलेले नाही.

२. पोस्टातली माझी बचत नातींच्या शिक्षणासाठी आहे. लग्नासाठी नाही. लग्नं त्यांच्या बापांनी करावीत.

३. नकाशा दाखवायची माझी वेताची काठी आमच्या माजी मुख्याध्यापिका यशोदाबाई यांना द्यावी. नववीच्या मुलींना मी सर्बियाची गोष्ट सांगत होते, तेव्हा वर्गाच्या दारात उभं राहून त्या म्हणाल्या होत्या, "हे परीक्षेला येणार आहे का?" नाही आलं, यशोदाबाई. पण माझ्या कामी आलं.

कसं ते इथेच सांगते, म्हणजे पुढचं कलम कळेल. १९७४ च्या हिवाळ्यात युगोस्लाव्हियातल्या सर्बियातून मिलेना नावाच्या एक शिक्षिका सेवाग्राम बघायला आल्या, आपल्याकडच्या पाण्याने आजारी पडल्या आणि आमच्या घरी राहिल्या. माझी नणंद आनंदाबाई हिने त्यांना ताक-भातावर उभं केलं. जाताना त्या मला म्हणाल्या, तुमच्या दोघींसारख्या दोघी आमच्याकडे सहाशे वर्षांपूर्वी होत्या. मग त्यांनी टपालाने चित्रांचं एक जाडजूड पुस्तक पाठवलं.

त्या दोघींतली एक मिलित्सा राणी. नवरा तुर्कांशी लढताना पडला, दोन्ही मुलगे लहान, म्हणून राज्य तिने चालवलं. थोरला जाणता होताच गादी त्याला दिली आणि ती जोगीण होऊन मठात गेली. दुसरी येफिमिया. तीही मोठ्या सरदाराची बायको. तिचं तान्हं मूल गेलं, पुढे नवराही लढाईत गेला, तेव्हा मिलित्साच्या घराने तिला आसरा दिला. ती सोन्याच्या धाग्याने भरतकाम करी. मिलित्साच्या थोरल्या मुलावर सुलतानाची मर्जी फिरली, तेव्हा या दोघी म्हाताऱ्या जोगिणी त्याची रदबदली करायला सुलतानाकडे गेल्या. आम्हीही दोघी एकदा किसनला सोडवायला हिंगणघाटच्या पोलीस ठाण्यात गेलो होतो. तिथे आनंदाच जास्त बोलली.

पण त्या गोष्टीचा शेवट मी वर्गात कधी सांगितला नाही. मिलित्साचे दोन्ही मुलगे भांडले. तिने मध्ये पडून समेट केला. तिचे डोळे मिटले आणि थोड्याच वर्षांत भावांनी राज्याचे दोन तुकडे केले. पुढे धाकटा जिवानिशी गेला.

४. आता घर. आनंदा माझ्या दिवंगत मालकांची धाकटी बहीण. नवरा आणि लेकरू एकाच साथीत गेले, तेव्हा एक पत्र्याची पेटी घेऊन ती या घरात आली. मी नोकरी केली ती तिच्या जिवावर. माझी मुलं तिने वाढवली. गेल्या पावसाळ्यात मी सेवाग्रामच्या दवाखान्यात होते, तेव्हा आईनंतर घर कोणाचं यावर दोघे तिथल्या व्हरांड्यात कडाडून भांडले. एरवी बोलत नाहीत, तेवढ्यापुरते बोलले. आनंदा डबा घेऊन आली होती, तिने ऐकलं. मी घरी आले तर तिची पेटी भरून दाराशी ठेवलेली. तिला कोणी जा म्हटलं नव्हतं.

म्हणून रामनगरचं हे माझ्या नावावरचं घर, विहीर आणि परसातल्या लिंबासकट, मी आनंदाबाई हिला कायमचं देत आहे. ती हयात आहे तोवरपुरतं नव्हे, पूर्ण मालकीने. पुढे ते कोणाला द्यायचं हे ती ठरवील. तिच्याशी कसं वागायचं हे ज्याचं त्याने ठरवावं.

हे तिला सांगितलं तर म्हणाली, "माह्या नावावर कायले करून राह्यली वहिनी? मले सही बी येत नाई."

"अंगठा तं येते नं?" मी म्हटलं.

५. सर्बियाचे राजे मठाला गाव देत, तेव्हा दानपत्राच्या शेवटी शाप लिहीत: हे दान जो मोडील त्याला देव आणि सगळे संत बघून घेतील. मीही एक झकास शाप लिहिला होता. आनंदाने तो ऐकला आणि म्हणाली, लेकरायले असं लिहितात काय. खोडला.

मग अण्णाजी वकिलांनी सांगितलं की साक्षीदार दोन हवेत, आणि ज्यांना काही मिळायचं आहे त्यांना साक्षीदार करू नका. मी घरी येईपर्यंत माझे साक्षीदार ठरले होते. मागच्या रविवारी दोन्ही मुलांना बोलावून हे सगळं वाचून दाखवलं.

मग वासुदेव म्हणाला, "आत्याले कोण काढून राह्यलं? घर तिच्या नावावर काऊन?"

"तुमी भांडान अन् तिची पेटी वट्यावर जाईन म्हणून," मी म्हटलं. "ते पेटी भरूनच ठेवून हाय. पाहून ये."

तो आत गेला. परत आला तो खाली मान घालून.

किसन भिंतीकडे बघत म्हणाला, "मले घर नाई पाह्यजे. पण याच्या हाती नको जाऊ देजो."

वासुदेव म्हणाला, "मी बी तेच म्हणून राह्यलो."

चार वर्षांत दोघांचं एकमत झालं ते हे एवढंच. मला पुरेसं आहे.

६. चित्रांचं पुस्तक किसनच्या मुलीला द्यावं. तिने वासुदेवच्या मुलींना ते वाचून दाखवावं, शेवटासकट.

आज दोघे आले आहेत. पुढच्या खोलीत बसले आहेत. आनंदाने मुद्दाम एकाच ताटलीत पोहे दिले. सकाळी तिने पेटी उघडली, आतले कपडे परत फडताळात लावले, गोधडी त्यांच्यासाठी अंथरली आणि रिकामी पेटी माळ्यावर टाकायला किसनला सांगितलं. त्याला एकट्याला ती चढवता येईना, तेव्हा वासुदेवने खालून हात लावला. आता मी केव्हाही जायला मोकळी आहे, पण घाई नाही.

स्थळ: वर्धा
तारीख: १२ फेब्रुवारी १९८४

(सही) कोकिळा महादेवराव भोयर

साक्षीदार:
आईने आमच्यासमोर सही केली. आम्ही एकमेकांसमोर केली.

(सही) वासुदेव महादेवराव भोयर, शेती, केळझर
(सही) किसन महादेवराव भोयर, हॉटेल, जाम. पेन भावाचा.