नाही म्हणायले निघालो

१६ जानेवारी, गुरुवार. मोहाडी

जाऊनच राहिलो! उद्या सकाळी. ठरलं म्हणजे ठरलं.

ललिता डब्यात चिवडा भरता भरता म्हणे, "अजी, खरंच जाता का?" मी म्हटलं, हव, नाही म्हणायले जातो. फोनवर नाही म्हटलं तर पोट्टी म्हणते, बाबा, तुम्ही पाहिलं तरी कुठं! गुंजनचेच शब्द — "एकदा गाडी घेऊन या. समुद्राच्या काठाकाठानं सिद्धेशच्या गावापर्यंत जाऊ. पाहा. मग नाही म्हणा, मी ऐकीन." पुण्याले नोकरी लागली तेव्हापासून वकिलासारखी बोलते.

ऐकीन म्हणाली ना? झालं तर!

पोट्टा चांगला असेल. मी नाही कुठं म्हणतो? पण गाव देवगडजवळ! जमीन संपते तिथं! अन् लग्न झालं की नोकऱ्या सोडून तिथंच आंब्याची बाग पाहणार म्हणतात दोघं.

भांड्याचं दुकान आहे माझं. लग्नात द्यायच्या पाण्याच्या पितळी गुंडावर, गंगाळावर नाव कोरून टाकतो — पोरीचं नाव, खाली सासरचं गाव. तुमसर, लाखनी, गोंदिया. लय झालं तर नागपूर. एका गुंडावर आमच्या बाबानं छत्तीसगडातलं दुर्ग टाकलं होतं. माझ्या मोठ्या बहिणीच्या, कामिनीबाईच्या. तिले दुखणं आलं, निरोप आला, आम्ही रेल्वेनं धावलो. पोचलो तेव्हा बाई गेली होती. तेव्हापासून माझा एकच नियम — सकाळी फोन आला तर संध्याकाळी पोरीच्या उशाशी बसता आलं पाहिजे. देवगड या नियमात बसत नाही. बस.

ललिताले बजावलं — पाहुणे म्हणून जाऊन नाही राहिलो. हातात काही घ्यायचं नाही. "हव जी," म्हणाली. इतक्या लवकर हव म्हणते म्हणजे काहीतरी घोळ आहे.

१७ जानेवारी. शिर्डी

निघताना गाडीचा मीटर शून्यावर आणला. किती दूर आहे त्याचा पुरावा पाहिजे ना!

समृद्धीवर गाडी नुसती पळते. वळण नाही, गाव नाही, चहा नाही! ललितानं झोप काढली, उठली, म्हणे "नागपूर गेलं का?" मी म्हटलं, नागपूर जाऊन जमाना झाला. पुन्हा झोपली. दूर आहे हे तिले आता तरी पटलं असेल. तसं विचारलं, तर म्हणे, "मस्त झोप झाली." काय बोलायचं!

१८ जानेवारी. पुणं

गुंजन रस्त्यावरच उभी होती. ललिता म्हणे वाळली. मले तर गाल भरलेले दिसले. खूप आनंद झाला, पण दाखवला नाही. आपण कशाले आलो ते विसरायचं नाही.

सिद्धेश आधीच गावाले गेला म्हणे. बरं झालं. इतके दिवस एका गाडीत तोंड कुठं लपवलं असतं? त्याचं नाही, माझं!

१९ जानेवारी. दिवेआगर

आज घाट उतरलो. मी! आमच्याकडं रस्ता म्हणजे सरळ. इथं वळणावर वळण, अन् प्रत्येक वळणावर मागून ललिताचं "जय बजरंगबली!" मी ब्रेकवर उभाच. गुंजन म्हणते, "बाबा, दुसऱ्या गेरात टाका, ब्रेक तापतील." हिले मी सायकल शिकवली अन् ही मले गेर सांगून राहिली! टाकला दुसरा. गाडी सुतासारखी उतरली. पोट्टी गालातल्या गालात हसत होती, मी आरशात पाहिलं.

अन् मग समुद्र.

आमचा तलावांचा जिल्हा. पाणी आम्हाले काय नवीन? पण तलावाच्या पाळीवर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसतो. इथं पलीकडचा काठच नाही! मी चपला हातात घेऊन उभाच राहिलो. ललिता पदर खोचून शिरली बी पाण्यात. "या ना जी! काय खांबासारखे उभे!" लोकं पाहून राहिले होते. गेलो. पायाखालून रेती सरकते तर गुदगुल्या होतात, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

२० जानेवारी

गाडी डोंग्यात घातली!! बागमांडल्याले खाडी आहे, पूल नाही. मोठी लोखंडी बोट येते, आपण गाडीसकट आत. मी हँडब्रेक ओढला, गेर टाकला, वरून ब्रेकवर पाय. बोटीवाला म्हणे, "काका, उतरा, हवा खा." मी म्हटलं, गाडी माझी आहे, मी इथंच बरा. पलीकडं लागेस्तोवर पायाले गोळा आला. ललितानं दोन प्लेट भजे खाल्ले.

२१ जानेवारी

तीनदा वाट चुकलो. फोनातली बाई म्हणे उजवीकडे वळा. उजवीकडं समुद्र होता!

२२ जानेवारी. गणपतीपुळ्याजवळ

टायर पंक्चर. स्टेपनी काढायले डिक्कीतलं सामान उतरवलं, तर चादरीखाली पोतडी. नाकाजवळ नेली — चिन्नोर! आपल्या धानाच्या बांधीतला, नवा, वासाचा तांदूळ!

"हे काय?"

"तुमच्यासाठीच घेतला जी. तिकडं जाडा लाल भात खातात म्हणे. तुमच्या घशाखाली उतरन का?"

इतका? माझ्या एकट्यासाठी? गुंजन तोंड फिरवून समुद्र पाहायले लागली. आपलेच दात अन् आपलेच ओठ. दोघी मिळून मले शिजवून राहिल्या. पण मी पक्का आहे. उद्या पोचायचं, चहा प्यायचा, नाही म्हणायचं, परत फिरायचं.

२३ जानेवारी. सिद्धेशच्या घरी

आज जे झालं ते मोहाडीत कोणालेच सांगायचं नाही. ललितालेही शपथ घातली.

गाव आलं तेव्हा गाडीचा वेग कमी केला. म्हटलं, आधी समुद्रावर हातपाय धुऊ, मग जाऊ. गाडी रेतीतच उतरवली. गुंजन म्हणाली, "बाबा, वर झाडाखाली लावा." मी म्हटलं, चूप. कारध्याले वैनगंगेच्या रेतीत कितीकदा गाडी उभी करून डबे खाल्ले आपण! रेती पक्की होती, पाणी लांब होतं. माय-लेकी शिंपले वेचत दूर गेल्या. मी सीट मागं केली. गार वारा. डोळा लागला.

जाग आली तर चाकाले पाणी!

वर पाहिलं. आभाळात ढगाचा तुकडा नाही. मग पाणी वाढते कुठून? आमच्याकडं पावसाशिवाय पाणी वाढलं तर एकच अर्थ — वरच्या धरणाचे गेट उघडले! मी खाली उतरून बोंबललो, "गेट कोणी उघडले बे!"

गाडी चालू केली. चाकं जागच्या जागी फिरली अन् आणखी रुतली. तेवढ्यात वरून हाफपँटीतला एक माणूस दोरखंड घेऊन धावत आला, मागं सात-आठ जण.

"अक्कल खय ठेवलस? भरती इली!"

"मले काय माहीत?"

"रोज येता! दिवसातून दोनदा येता! शाळेत गेल्लंस काय नाय?"

भर समुद्रात इतक्या शिव्या मी जन्मात खाल्ल्या नाही. त्यांनी चाकांखाली नारळाच्या झावळ्या घातल्या, दोर बांधला, होडी ओढतात तसे आरोळी देऊन ओढायले लागले. मी गुडघ्याइतक्या पाण्यात मागून ढकलत होतो. दारापर्यंत पाणी आलं अन् गाडी सुटली! सगळे ओरडले. मीही ओरडलो.

मग त्या हाफपँटवाल्याची नजर नंबर प्लेटवर गेली. एमएच छत्तीस. तो थांबला. मले वरून खालून पाहिलं.

"भंडारा?"

"हव."

"गुंजनचे... वडील?"

"हव."

"अहो मग उभे काय, चला घरी! कपडे बदला! मी दत्ताराम. सिद्धेशचो बाबा." आताच तर 'ठेवलस' होतं, एका मिनिटात 'अहो' झालं! गुंजन धापा टाकत पोचली तेव्हा आम्ही दोघं हात जोडून उभे, दोघंही चिंब. पोट्टी इतकी हसली की खालीच बसली.

अशा माणसाले आल्या आल्या नाही कसं म्हणायचं? उद्या म्हणतो.

२४ जानेवारी

ताप. थंडी वाजून. उठवत नाही.

२५ जानेवारी

आज बसता आलं. लिहून ठेवतो.

कालचा अख्खा दिवस अंगात आग होती. सिद्धेशनं देवगडाहून डॉक्टर आणला. पोट्टा कमी बोलतो. औषध दिलं, माझी ओली गाडी धुतली, आतली रेती काढली, गाद्या उन्हात घातल्या, अन् गेला बागेत. त्याची आई सुहासिनीबाई पेज घेऊन आली. लाल तांदळाचीच! दोन वाट्या प्यालो. चांगली होती, आता खोटं कायले बोलू? दत्ताराम तर खुर्ची टाकून बसला तो हललाच नाही. ललिता म्हणे, तुम्ही जा, मी आहे. तो म्हणे, "काल शिव्या घातलंय, आज बसतंय." शेजारचे येऊन पाहून गेले. भरतीवाले पाहुणे म्हणून मी गावभर झालो.

पडल्या पडल्या कामिनीबाईची लय आठवण आली. आम्ही इतकी वर्षं दुर्ग दूर, दुर्ग दूर करून बसलो. पण आम्ही पोचेस्तोवर तिच्या उशाशी कोणी बसलं होतं का, हे कोणी कधी विचारलंच नाही. आगगाडी काय अन् मोटार काय, आपण पोचतो तेव्हा पोचतो. तोवर घरात माणसं पाहिजेत. इथं आहेत. मी स्वतः तापात पडून पाहिलं. रडू आलं, पांघरूण ओढून घेतलं.

संध्याकाळी ललितानं त्यांच्या चुलीवर चिन्नोर शिजवला. वास ओटीपर्यंत आला. दत्ताराम भात नुसताच खात होता, माशाची वाटी तशीच. मी म्हटलं, हीच वेळ आहे. घसा साफ केला अन् म्हणालो, "दत्तारामभाऊ, माझ्याकडून हव आहे."

गुंजनच्या हातातला डाव खाली पडला. ललितानं डोळ्याले पदर लावला.

दत्तारामनं हात धुतला. खाली पाहत म्हणाला, "भाऊ, रागावू नका. मी नाय म्हणणार होतंय."

"काहून?"

"लांब. फार लांब. एकुलतो एक झील माझो. सासरवाडीक गेलो नि आजारी पडलो, तर मी पोचतलंय कधी? मी कोल्हापूरच्या पुढे गेलेलोच नाय."

बाप्पा! माझेच शब्द! हसू का रडू! अन् मग माझ्या तोंडातून काय निघालं — "दूर? कुठं दूर? समृद्धी आहे! गाडीत बसायचं, झोपायचं, उठायचं, की आलं! ललिताले विचारा!" मोहाडीहून पुरावा म्हणून आणलेल्या मीटरचा आकडा मी एका शब्दानं काढला नाही. पोट्टी माझ्याकडं डोळे फाडून पाहत होती.

"विचार करून सांगतो," दत्ताराम म्हणाला.

पोराकडचे विचार करून सांगतो म्हणतात त्याचा अर्थ मले माहीत आहे. दुकानात रोज ऐकतो.

२९ जानेवारी. मोहाडी

घरी. येताना पुण्याले गुंजनले सोडलं. "बाबा, तुम्ही हव म्हटलं, मले तेवढं पुरे," म्हणाली अन् भरभर जिना चढून गेली. पुरे नाही, मले दिसते ना!

डिक्कीतून अजून रेती निघून राहिली. ललिता झाडत नाही. म्हणे, राहू द्या.

२ फेब्रुवारी

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सर्वात चांगला पितळी गुंड काढला, मशीन लावली, टाकलं — गुंजन. खाली गावाची जागा कोरी ठेवली. दुकानातला कवडू चहा घेऊन आला, म्हणे, "भाऊ, गाव नाही टाकलं?" मी म्हटलं, तू आपलं काम पाह्य ना बे!

९ फेब्रुवारी

फोन नाही. ललिता सकाळ-संध्याकाळ माझ्या फोनची बॅटरी पाहते.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी अनोळखी नंबर. "भाऊ, दत्ताराम बोलतंय. म्हटलं, एकदा स्वतः गाडी घेऊन बघूया किती लांब ता. सुहासिनी पण हा सोबत. कालपास्नं सरळ रस्तो, एक वळण नाय, माझे हात आखडले! हय पाटी दिसता साकोली. तुमचो गाव खय रवलो?"

साकोली! भंडाऱ्याले मोहाडीचं वळण सोडून चाळीसेक किलोमीटर सरळ पुढं निघून गेले!

ललिता चिन्नोर निवडायले बसली बी. मी चावी घेतली. तिकडून त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "अजून लांब हा काय?"

"छट्! हलू नका तिथून. बाजूलेच आहे, आलोच मी घ्यायले."