‘येते’ म्हण

हानोफर, जर्मनी

चि. क्षिप्रा हिस,
ताईचा आशीर्वाद, थोडा हातचा राखून.

फोन केला की आई तो स्पीकरवर टाकते, म्हणून हे पत्र. मी मजेत आहे. थंडी अजून सोसण्यासारखी आहे. बाबांचा गुडघा कसा आहे?

तू इथे शिकायला येणार, तर तुझ्या बॅगेचं कौतुक आईने साग्रसंगीत ऐकवलं. मेतकूट म्हणे घरी केलं, गोडा मसालाही. मला फडके रोडवरून विकत आणलेली पाकिटं मिळाली होती. आणि बाबा तुला विमानतळावर सोडायला रजा घेणार! माझ्या वेळी ते वाटेतच माजिवड्याला गाडीतून उतरून वागळे इस्टेटला कामावर गेले होते.

असो. कॉलेजात पुढे बस. समजलं नाही तर लगेच विचार. मी लाजून वर्षभर नुसती मान हलवत होते. जाड कोट तिथून आणू नकोस. माझा निळा तुझ्यासाठी काढून ठेवलाय. नवाच आहे, फार मिरवू नकोस.

निघताना आई हातावर दही घालेल, तेव्हा ‘येते’ म्हण. मी घाईत ‘जाते’ म्हणाले होते. वाटलं, आई टोकेल, परत म्हणायला लावेल. ती गॅस बंद करायला आत गेली.

नाहीतर असं कर, तू मुद्दाम ‘जाते’ म्हणून बघ. तिने टोकलं, तर मला मात्र सांगू नकोस.

तुझीच,
देवयानीताई