पहिल्या पाण्याची बिअर

सोमवार, १७ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. आणि भाऊजी, तुम्हालाही नमस्कार. पाकीट आधी तुम्हीच फोडणार हे ठाऊक आहे, म्हणून तुम्हाला दारातच गाठते आहे. आता फोडलंच आहे तर शेवटपर्यंत वाचा, आणि वाचून झालं की जिचं पत्र आहे तिला द्या.

इकडे सगळं बरं आहे. ब्रूअरीचं छत गळायचं एकदाचं थांबलं. माझा गुडघा कुरकुरतो, पण पिंप ढकलताना नाही, फक्त घरचा जिना चढताना. शेजारच्या लाँड्रीवाल्या बाईंशी वाफेवरून पुन्हा खटका उडाला. त्यांच्या धुतलेल्या चादरींना आमच्या धान्याचा वास लागतो म्हणे. मी म्हटलं, फुकट मिळतोय तर घ्या की. त्यावर त्या म्हणाल्या, "तुझी बहीण असती तर तिनं आधी खिडकी लावली असती." खरं आहे. लावली असतीस.

तुझं पत्र मिळालं. अक्षर तुझं होतं, भाषा मात्र शाळेच्या नोटीस बोर्डाची. "सदर पेयावरील 'थोरली' हे नाव महिनाअखेरपर्यंत हटवावे, अन्यथा आपले संबंध संपुष्टात आले असे समजावे." ताई, तू मला आयुष्यात गाढवे म्हणालीस, कार्टे म्हणालीस, एकदा तर कढईच फेकून मारलीस, पण 'सदर' कधी म्हणाली नाहीस. भाऊजी, तिला मजकूर सांगताना थोडं तिच्या तोंडचं तरी सांगायचं.

उत्तर उगाच लांबवत नाही. नाव काढणार नाही.

आता पुढचं निवांत वाचा. पत्रासोबत खोकं आहे, त्यात चार बाटल्या आहेत आणि चारही कडक आहेत. तुमच्या पत्रात 'तीव्र मादक पेय' असा शब्द आहे, म्हणून मुद्दाम कडकच निवडल्या. कडक बिअर म्हटलं की लोकांना गटाराकडेला आडवा पडलेला माणूस दिसतो. मला दिसतो जेवणानंतरचा छोटासा ग्लास, गप्पा संपेपर्यंत पुरवून प्यायचा. घटाघटा पिणाऱ्याला मी दुसरा ग्लास देत नाही, आणि तसं दारावर लिहून ठेवलंय. तुमच्या शाळेतल्या काही शिक्षकांनी ते वाचलेलं आहे.

बाटल्या फ्रीजमधून काढल्या की थोडा वेळ ओट्यावर राहू द्या. गारठलेल्या बिअरला वास नसतो, आणि वासच नसेल तर सरबत प्यावं.

आधी डॉपलबॉक उघडा. नदीपलीकडच्या म्हाताऱ्या ब्रूअरची आहे, तांबूस, भाजलेल्या पावाच्या कडेसारख्या वासाची. साडेसात टक्के अल्कोहोल आहे, पण उगाच आवाज चढवत नाही. त्यानंतर ट्रिपल. हिच्यापासून सावध राहा. सोनेरी रंग, वर पांढराशुभ्र फेस, दिसायला अगदी भोळी. संत्र्याची साल आणि किंचित लवंग, शेवटी जीभ कोरडी करते. नऊ टक्के आहे हे पहिला ग्लास संपेपर्यंत कळतसुद्धा नाही. भाऊजी, ही खुर्चीत बसून प्या, आणि उठायची कामं आधी उरकून घ्या.

तिसरी इम्पीरियल स्टाउट, काळीकुट्ट. कॉफी, करपलेली साखर, आणि मागे राहणारा छान कडवटपणा. दुसऱ्यांनी केलेल्या बिअरांत ही माझी सगळ्यात लाडकी. कुणाशी जोरदार भांडण झालं की मी हीच काढते. तुझं पत्र आलं तेव्हाही हीच काढली होती.

चौथीचं नंतर सांगते.

आता नावाचं बोलू. भाऊजी, तुम्हाला वाटतंय की मी माझ्या बहिणीला बाटलीवर चिकटवून तिची टिंगल केली. मुख्याध्यापकांना शिकवायची संधी रोज मिळत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. बार्लीला मोड आणायचे, ती भाजायची, भरडायची आणि गरम पाण्यात भिजवायची. धान्यातली साखर पाण्यात उतरते. ते पाणी काढून घेतलं की झालं पहिलं पाणी, दाट आणि चिकट. यीस्टनं त्यातली साखर खाल्ली की त्याची कडक बिअर होते. मग त्याच भिजलेल्या बार्लीवर पुन्हा गरम पाणी ओतायचं. हे दुसरं पाणी पातळ निघतं, चहाच्या त्याच पत्तीवर पुन्हा उकळलेल्या चहासारखं, आणि त्याची हलकी बिअर होते. बहुतेक ब्रूअर दोन्ही पाणी एकत्र करून मोकळे होतात. आम्ही वेगळं ठेवतो. पहिल्या पाण्याची थोरली, म्हणजे बार्लीवाइन, नावात वाइन पण आहे बिअरच, साडेअकरा टक्के, लाकडी पिंपात मुरवलेली. दुसऱ्या पाण्याची धाकटी, चार टक्के, ताजी असतानाच पिऊन टाकायची. एकाच धान्याच्या दोघी. यात टिंगल असलीच तर ती माझी आहे.

'आम्ही वेगळं ठेवतो' असं लिहून गेले. असू दे, खोडत नाही.

ताई, एव्हाना तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. ही मुद्द्यावर येत नाही, असं म्हणत असशील. बरोबर आहे. नावं काही आजची नाहीत, ब्रूअरी सुरू केली तेव्हापासून तीच आहेत, आणि भाऊजींनी कधी हूं की चूं केलं नव्हतं. ते साधे गणिताचे शिक्षक होते तेव्हा दर शनिवारी ब्रूअरीतल्या आपल्या बाकावर बसून थोरलीचा ग्लास संपवायचे आणि तुझी पिशवी उचलून तुझ्याबरोबर घरी जायचे. तेव्हा तुझ्या हातांना बिअरचाच वास येत होता. मग आत्ताच नाकाला मिरच्या का झोंबल्या, हे तिघांनाही माहीत आहे.

झालं ते असं. बिअरच्या प्रदर्शनात मी थोरली नेली होती. पांढऱ्या मिशांचे एक परीक्षक ग्लास घेऊन कोपऱ्यात गेले ते बराच वेळ परतलेच नाहीत. मला वाटलं, आवडली नाही, कुंडीत ओतताहेत. मग मला मंचावर बोलावलं. परीक्षक म्हणाले, "बाई, एवढी कडक असून घशाला जाळत नाही. हे कसं जमवलंत?" टाळ्या सुरू झाल्या होत्या. तोंड मिटून, मान लववून खाली उतरले असते तर आज तुझं पत्र आलं नसतं. मी माइक घेतला आणि म्हटलं, "मी नाही जमवलं. ही माझ्या थोरल्या बहिणीनं केलीय. मला अजून येत नाही. ती गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या घरी असते, तिलाच विचारा."

शेवटचं वाक्य नको होतं, असं भाऊजी म्हणतील. मला हवं होतं. पुन्हा मंचावर चढवलं तर पुन्हा म्हणेन, आणि तेव्हा घराचा पत्ताही देईन.

कारण मला त्या टाळ्या सहन झाल्या नाहीत, ताई. तू सगळ्यांना सांगतेस की बहिणीला थोडी मदत करायचे. मदत मी करत होते! मी टाक्या धुवायचे, बाटल्या भरायचे, गिऱ्हाइकांशी भांडायचे. बिअर तू करायचीस. तू टाकीला कान लावून उभी राहायचीस आणि म्हणायचीस, "यीस्ट दमलंय गं, आज त्याला काही देऊ नकोस, नुसतं उबेत ठेव." मग टाकीला गोणपाट गुंडाळायचीस आणि दुसऱ्या दिवसापासून साखरेचं पाणी थोडं थोडं पाजायचीस, आजारी माणसाला पाजतात तसं. मी हसायचे तुला.

तू गेलीस तेव्हा म्हणालीस, हात दुखतात. भाऊजींच्या बढतीच्या आठवड्यातच ते कसे दुखायला लागले, हे मी विचारलं नाही. रागाच्या भरात नुसतं "बरं" म्हटलं. आज विचारते, आणि भाऊजींच्या देखत विचारते: दुखत होते का?

भाऊजी, तुम्ही वाईट माणूस नाही. पालक काय म्हणतील, संस्थेचे लोक काय म्हणतील, ही भीती खोटी आहे असंही मी म्हणत नाही. पण ती भीती तुमची आहे. तुम्हीच बाळगा, तिच्या गळ्यात बांधू नका. तिच्यासारखं काम करणारी बाई या धंद्यात मी तरी पाहिली नाही, आणि तुम्ही तिला तुमच्या स्नेहसंमेलनात पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला उभी करता.

ती गेल्यावर मी थोरली करायला घेतली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मीही टाकीला कान लावला. मला नुसते बुडबुडे ऐकू येतात, दुसरं काही नाही. दर वेळी यीस्ट अर्ध्या वाटेत बसकण मारतं आणि पाकासारखी गोड बिअर मागे उरते. सगळी मोरीत ओतली. प्रदर्शनात नेली ती तूच पिंपात भरून गेलेली होती. मी फक्त तिला हात न लावता वाट पाहिली, आणि तेवढं एक मला नीट जमलं.

चौथी बाटली त्याच थोरलीची आहे. शेवटची. भाऊजी, पहिल्या तीन तुम्ही खुशाल प्या, कुणाला सांगणार नाही. पण ही तिच्या हातात द्या आणि तिच्यासमोर गप्प बसा. ताई, तू ही मुरलेली चाखलीच नाहीस. पिंपाचं बूच ठोकलंस आणि निघून गेलीस. परक्या माणसांनी पोटभर कौतुक केलं, आणि जिनं केली तिच्या जिभेला तिचा थेंब नाही. मला याचा फार राग येतो. रडूही येतं, पण ते राहू दे.

पिंप आता रिकामं आहे. लाकूड वाळलं की फळ्या आक्रसतात, फटी पडतात, मग त्यात काही ठरत नाही. म्हणून मी त्यात पाणी भरते, शिळं झालं की ओतते, पुन्हा भरते. लाँड्रीवाल्या बाई म्हणतात, हिला वेड लागलंय. लागू दे. सध्या मीही दोन्ही पाणी एकत्र करून मधलीच काहीतरी बिअर करते. लोक पितात. तिला मी नाव ठेवलेलं नाही.

तर भाऊजी, नाव बाटलीवरून जाणार नाही आणि दारावरच्या पाटीवरूनही नाही. उलट नवीन लेबलांवर थोरली कुणी केली तेही छापणार आहे, शाळेच्या पाटीवर तुमचं आहे तेवढ्याच मोठ्या अक्षरात. ताई, संबंध संपवायचे असतील तर स्वतः ये, समोर उभी राहा आणि 'सदर' न म्हणता तुझ्या शब्दांत सांग. मी ऐकून घेईन. फक्त सोमवारी ये. सोमवारी बार्ली भिजत असते, आणि पहिलं पाणी काढायला मला तू हवी आहेस.

पिंप ओलं ठेवलंय.

तुझी, दुसऱ्या पाण्याची,
धाकटी