अण्णांची दुर्बीण

१ ऑक्टो., खंडेनवमी
डोकं फिरलंय. चाळिशी लागल्यापासून नळीवरच्या उघड्या साइटवर नेम जमत नाही, म्हणून क्लबच्या .२२ रायफलसाठी छोटा स्कोप बघून ठेवला होता, पन्नास मीटरचा. तर अण्णा बेळगावहून स्वतःच्या रायफलची जुनी, हातभर लांब दुर्बीण घेऊन हजर. पूजेत लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि ती. वहिनीने थेट काचेवर कुंकू लावलं. वर "आज पुसायचं नाही हं." मग सगळ्यांदेखत माझ्या ओंजळीत. पूजेतली वस्तू, थोरला भाऊ, रायफल धरायला त्यानेच शिकवलेलं. नको कसं म्हणणार? मुकाट नमस्कार केला.

१२ ऑक्टो.
नऊ, सात, दहा, सहा. छी! महिनाअखेरीनंतर लगेच संघाची निवड. या वयात पुन्हा संधी कोण देणार?
अण्णांना फोन. "श्वास चुकतोय तुझा. दुर्बिणीला नावं ठेवू नको, कप आणलेत मी तिच्यावर." वर नाचता येईना अंगण वाकडं, हेही ऐकवलं.
माझे डोळेच गेले बहुतेक. रडले.

१९ ऑक्टो.
कोच निपाणीकडचे. म्हणाले, "मॅडम, रायफलला हात लावू नका. नुसतं डोकं स्वल्प हलवा."
हलवलं. रायफल जागच्या जागी, आणि दुर्बिणीतली फुली लक्ष्याच्या काळ्या ठिपक्यावरून सरकली!
"ही शंभर मीटरसाठी बांधलीय. पन्नासला अशीच फसवणार. तुमचा नेम सरी आहे, अगदी बरोबर."
तिथूनच अण्णांना फोन लावून विचारलं, माहीत होतं?
"होतं की. अॅडजस्ट करून घेशील वाटलं. एवढ्या मायेनं दिली मी."
माया! इतके दिवस मला श्वास शिकवत होता हा माणूस.

२५ ऑक्टो.
छोटा स्कोप आणला, बसवला. नेम जुळवायला सकाळ गेली. शेवटच्या पाचात चार दहा. आनंद व्हायला हवा. नुसता राग येतोय.

३१ ऑक्टो.
परवा निवड. अण्णांचा फोन: "रविवारी येतो बघायला. माझीच दुर्बीण लावलीयस ना?"
आठवडाभर मनात घोकलेलं सगळं तयार होतं. आणि तोंडातून काय निघावं? "हो अण्णा."
लाज वाटतेय स्वतःची. परत अण्णांची लावायची तर उद्याच. नेम पुन्हा जुळवावा लागेल, आणि रेंज दुपारी बंद होते. अण्णांची दुर्बीण आणि काढून आणलेला छोटा स्कोप, दोन्ही पिशवीत भरलेत.