उंद्रीला तुटलेला दम

प्रिय रहीम,

येत्या रविवारी टपाल खात्यातल्या जुन्या खेळाडूंना बुलडाण्याच्या ऑफिसात बोलावलंय. आपल्या कबड्डी संघाबद्दल मी बोलायचं आहे. ऑफिसातल्या पोरांनी आपल्या संघाचा फोटोही शोधून काढला. तू मागच्या रांगेत, डोळे मिटलेले. फोटोवाल्याने तयार म्हटलं की तुझे डोळे मिटायचेच! तू जाऊन चार महिने झाले. रविवारी बोलायच्या आधी तुझ्याशी बोलावं, म्हणून लिहितोय.

आठवतं, सकाळी टपाल लावताना आपण दम वाढवायचो? समोर गावागावांचे खण, हातात पत्रांचा गठ्ठा. एका श्वासात गावं म्हणत पत्रं टाकायची. धाड, देऊळघाट, उंद्री, अमडापूर, दुसरबीड... मध्ये श्वास घेतला की बाद. मी दुसरबीडलाच खोकायचो. तू सगळी गावं फिरून परत धाडला यायचास! पोस्टमास्तर विचारायचे, टपाल लावता की मंत्र म्हणता?

आणि मग खात्याच्या कबड्डी स्पर्धेची ती फायनल. गुण बरोबरीत, शेवटची चढाई. मी कॅप्टन, मीच तुला पाठवलं. तू रेषा ओलांडलीस आणि तुझ्या तोंडून कबड्डीऐवजी निघालं, धाड, देऊळघाट, उंद्री... पंचांनी शिट्टी मारली. चढाई बाद, गुण त्यांना. एका गुणाने हरलो. सगळं मैदान हसत होतं आणि तू मधोमध उभा होतास.

परतताना एसटीत मी तुझ्याशी बोललो नाही. पुढे तीस वर्षं लग्नांत, निरोपसमारंभांत, चहाच्या टपरीवर हाच किस्सा रंगवला, की रह्याने फायनल उंद्रीला पोस्ट केली. लोक पोट धरून हसायचे. तूही हसायचास. पण ती खोड लावली कोणी? मी! गठ्ठा हातात देऊन रोज तुझ्याकडून घोकून घेणारा मीच. हे मी एकदाही कुणाला सांगितलं नाही. आणि तू तरी काऊन गप्प राहिलास बे? एखादी शिवी तरी घालायचीस!

छातीच्या दुखण्याने तुला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा नाकाला नळी होती. वहिनींनी जास्त बोलू नका म्हणून बजावलं होतं. तू मला खुणेने जवळ बोलावलंस आणि सुरू केलंस. धाड, देऊळघाट, उंद्री. तिथे श्वास संपला.

"आजही उंद्रीलेच तुटला," तू हसत म्हणालास. मग थांबून, "त्या दिवशी मले कबड्डी आठोलीच नाई बे. तू शिकवलेलंच तोंडात होतं."

तेव्हा तरी म्हणायचं होतं, रहीम, चूक माझी होती. मी चहा आणतो म्हणून बाहेर गेलो. परत आलो तर तुझा डोळा लागला होता. दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला.

रविवारी तुझी नसरीन येणार आहे. बापावर हसणारी माणसं तिने लहानपणापासून पाहिली, आणि हसवणारा तिचा सुधाकरकाका. आता तिच्यासमोर उभा राहून किस्सा सांगेन, पण खरा. मग उंद्रीच्या पुढची गावं मी म्हणेन, एका श्वासात. माझा दम जिथे तुटायचा तिथे तुटू दे. या वेळी लोकांनी मला हसावं.

तुझा चुकलेला कॅप्टन,
सुधाकर