खाली घेतलेली गाडी पास झाली

सेफिना,

दारात गाडी दिसली नाही तर घाबरू नकोस, मी नेलीय. सकाळी तू कामावर गेल्यावर एकटीच गाडीच्या तपासणीला जाऊन आले. तिथला माणूस म्हणाला, "आजी, गाडीची उंची कमी करून खाली घेतलीय. स्प्रिंगा कापल्या असतील तर पास होणार नाही."

मी म्हटलं, "कापलेल्या नाहीत, नव्या बसवल्यात. मंजुरीची पट्टी बॉनेटखाली आहे, बघ."

त्याने गाडी वर उचलली. चाकं लोंबली, तरी एकही स्प्रिंग जागची हलली नाही. मग गाडी पास करून विचारतो, "काम कुठल्या गॅरेजचं?" माझ्या मुलीनंच केलंय म्हणून मी तुझं नाव सांगितलं, आडनावासकट.

"पोरं ऐटीसाठी गाडी खाली घेतात. तुम्ही कशाला?" मी पूर्वीसारखा कुणाचा हात न धरता आत बसून दाखवलं.

आता मांगेरेला पेलेमावशीकडे चाललेय. मुलीच्या जातीने गॅरेजात हात काळे करावेत का, असं चर्चमध्ये सगळ्यांदेखत विचारत होती ना? तिच्या दारातच गाडी लावते.

नारळाच्या दुधात शिजवलेला तारोचा कंद झाकून ठेवलाय, गरम करून घे. मला गाडीतून उतरवायला कुणाला पाठवू नकोस. माझी मी उतरेन.

आई